राजीनाम्यानंतरचे प्रेमचंद

सरकारी नोकराच्या राजीनाम्याविषयी आमच्या वर्गाला विलक्षण कुतूहल असते. ज्यांना तो देणे शक्य नसते त्यांना तर विशेषच. म्हणूनच की काय, प्रेमचंदांचे नाव निघाले की हिंदी मुलखात बदलीवर आलेला मराठी वाचक त्यांच्या कादंबऱ्यांपूर्वी त्यांच्या राजीनाम्याची गोष्ट सांगू लागतो. १९२१ च्या फेब्रुवारीत गोरखपुरास महात्माजींचे भाषण झाले आणि काही दिवसांतच या चाळीस वर्षांच्या गृहस्थाने शिक्षणखात्यातली सुमारे वीस वर्षांची नोकरी सोडली. गोष्ट खरी आहे. ती तेथेच संपविण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी मात्र आमची तक्रार आहे. त्यागाच्या त्या एका क्षणाला हार घालून आपण मोकळे होतो आणि पुढची पंधरा वर्षे दृष्टीआड करतो. वस्तुतः प्रेमचंदांचे वाङ्मय समजण्यास राजीनाम्यापेक्षा ही पंधरा वर्षेच अधिक उपयोगी आहेत.

अपयशाशी त्यांचा परिचय जुनाच होता. गणिताने त्यांना इंटरमीजिएटच्या परीक्षेत वारंवार अडविले; तो विषय ऐच्छिक झाल्यावर १९१६ मध्ये ते उत्तीर्ण झाले आणि बी. ए. झाले ते १९१९ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर. विभागीय परीक्षेच्या यादीत दोनदा आपले नाव शोधून मान खाली घालून परतलेल्या आम्हांस हा तपशील वाचून बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. परंतु परीक्षेतले अपयश निराळे. त्यात पगार चालू असतो.

१९२१ नंतरचे अपयश बिनपगारी होते. कानपूरच्या शाळेत मुख्याध्यापकी पत्करली. व्यवस्थापकाशी पटेना, ती सोडली. १९२३ मध्ये काशीस सरस्वती प्रेस काढला. तो तोट्यात चालला. १९३० मध्ये 'हंस' मासिक सुरू केले, पुढे 'जागरण' साप्ताहिक चालविले, तोटा वाढला. १९३४ मध्ये या कर्जातून सुटण्याच्या आशेने ते आमच्या मुंबईस आले, अजंठा सिनेटोनसाठी लिहू लागले. त्यांच्या कथेवरचा गिरणीकामगारांचा चित्रपट सेन्सॉरने अडविला, आणि १९३५ मध्ये ते काशीस परतले. ८ ऑक्टोबर १९३६ रोजी ते वारले. त्याच वर्षी 'गोदान' प्रसिद्ध झाले होते.

आता कादंबऱ्यांकडे पाहू. 'सेवासदन' आणि 'प्रेमाश्रम' या दोन्ही त्यांनी नोकरीत असताना लिहिल्या. दोहोंत समाजाचे दुःख भेदक रीतीने मांडले आहे; पण शेवट जवळ येताच लेखक अस्वस्थ होतो. वेश्याजीवनातून बाहेर पडलेल्या सुमनसाठी संस्था निघते; जमीनदारीने गांजलेल्या गावाला उदार वारस मिळतो. प्रश्न निर्माण झाला की संस्था स्थापावी, हा उपाय आम्हां कचेरीतल्या माणसांच्या फार ओळखीचा आहे. फाइल बंद करता येते.

१९२५ च्या 'रंगभूमी'त हे बदलू लागते. आंधळ्या सूरदासाची जमीन सिगारेटच्या कारखान्यासाठी जाते, तो स्वतः गोळी लागून मरतो. तथापि हार ही खेळातली हार आहे, असे मानणारा तो खेळाडू असल्यामुळे वाचकाला एक आधार उरतो. 'गोदाना'त तोही उरत नाही. होरीला दारात गाय हवी असते. ती येते आणि सख्खा भाऊ तिला विष घालतो. पुढे दंड, सावकार, व्याज. जमीन वाचावी म्हणून धाकटी मुलगी वयस्क वराला पैसे घेऊन दिली जाते. आणि नातवासाठी गाय घ्यावी या हट्टाने खडी खोदताना उन्हाच्या झळांत होरी कोसळतो. कोठेही आश्रम निघत नाही. लेखक आपल्या नायकाला सोडवावयास धावत नाही, त्याच्या शेजारी बसून राहतो. हा धीर नोकरीतल्या प्रेमचंदांजवळ नव्हता. वर्षानुवर्षे स्वतःचाच हिशेब न जुळलेल्या माणसाने इतरांच्या आयुष्याचे हिशेब जुळविण्याचे सोडले, असा आमचा तर्क आहे.

यावर कोणी म्हणेल, छापखाने पुष्कळांचे बुडतात, 'गोदान' एकालाच लिहिता येते. हे मान्य आहे. किंबहुना 'गोदाना'तही शहराचा भाग सैलच आहे. मेहता प्राध्यापकांची व्याख्याने सुरू झाली की पाने उलटण्याचा मोह होतो, आणि तेथे जुना उपदेशक पुन्हा डोके वर काढतो. अपयशाने लेखक सर्वस्वी बदलला, असे आम्ही म्हणत नाही. जेथे त्याने ते अंगावर घेतले, तेथे बदलला. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. या अस्थैर्याची किंमत घराने चुकविली. शिवरानीदेवींचे 'प्रेमचंद घर में' (१९४४) हे पुस्तक राजीनाम्याच्या भक्तांनी अवश्य वाचावे. आमच्या घरी ते मोठ्याने वाचले गेले तेव्हा बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग पोळ्या गार होतात म्हणून वाचन थांबले.

'गोदान' मात्र मूळ हिंदीतूनच वाचावे, अशी आमची विनंती आहे. टिपण्या आणि मसुद्यांतून शिकलेली आमची हिंदी प्रारंभी अडखळली. अवधच्या खेड्यातले शब्द कोठल्याही परिपत्रकात नसतात. शंभरेक पानांनंतर कान सरावला. मग आकडे दिसू लागले. या कादंबरीत कोण कोणाचे किती देणे लागतो, हे कारकुनाने लिहावे तसे लिहिले आहे: मुद्दल, व्याज, दंड, पुन्हा व्याज. शेवटचा आकडा वीस आण्यांचा आहे. धनियाने त्या दिवशी सुतळी विकून मिळविलेले ते पैसे नवऱ्याच्या गोदानासाठी भटजीच्या हाती जातात.