अक्षक्रीडा, कथा आणि डाव : वेरूळचे एक शिल्प

वेरूळच्या २१ व्या (रामेश्वर) लेण्यात शिव-पार्वतींची अक्षक्रीडा कोरलेली आहे. डाव कोणाच्या बाजूने झुकला आहे, हे शिल्पकाराने पटावर दाखविलेले नाही; ते दोघांच्या हावभावांवरून ताडावे लागते. खाली गण तर नंदीची खोडी काढण्यात दंग! तथापि येथे कथेने डावावर मात केली, असे म्हणणे घाईचे ठरेल. फाशांचा निकाल बंधनकारक नसता, तर त्या हावभावांना अर्थच उरला नसता. युद्धखेळातून उपजलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या भूमिकाखेळातही पात्रांच्या कृतींचे यशापयश फासे ठरवितात. तेथे एखादा निवेदक कथानक सावरण्यासाठी प्रतिकूल दान लपवितो, तेव्हा खेळाडूंच्या डावपेचांबरोबर कथेतील जोखीमही नाहीशी होते.