‘भारत एक खोज’ पाहताना : पडद्यामागची मंडळी आणि त्यांचे निर्णय



मी वाराणसीत अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवतो. मानव्यविद्येचा एक तास माझ्याकडे असतो. वर्गाला सारनाथला नेण्याआधी मी ‘भारत एक खोज’मधला अशोकाचा भाग दाखवतो. एकदा तो संपल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, अशोकाला पश्चात्ताप झाला हे या लोकांना कोणी सांगितलं?” वर्गात हशा पिकला. मला मात्र वाटले की या मालिकेला विचारण्याजोगा सर्वांत नेमका प्रश्न हाच आहे. तो हाताशी धरून आपण ही मालिका घडवणाऱ्यांचे काम तपासू.

आधी थोडी माहिती. श्याम बेनेगल यांची ही ५३ भागांची मालिका दूरदर्शनवर १९८८ च्या नोव्हेंबरपासून दाखवली गेली. आधार होता पंडित नेहरूंच्या ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ या पुस्तकाचा. नेहरूंनी ते १९४४ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिले आणि ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. पटकथेच्या कामात शमा झैदी आणि अतुल तिवारी होते. छायाचित्रण ‘प्यासा’चे व्ही. के. मूर्ती यांचे, कलादिग्दर्शन नितीश रॉय यांचे, संगीत वनराज भाटिया यांचे. नेहरूंच्या वेशात रोशन सेठ आपल्याशी थेट बोलतात आणि निवेदनाचा दुसरा आवाज ओम पुरींचा आहे.

शीर्षकगीतापाशी जरा थांबा. ते ऋग्वेदातील नासदीय सूक्त आहे. त्याचे हिंदी रूप वसंत देव यांनी केले. मराठी नाटके हिंदीत नेणारे हेच ते वसंत देव. सृष्टी कशी झाली हे कोणाला ठाऊक आहे का, असे विचारत विचारत हे सूक्त शेवटी शंकेवरच थांबते. इतिहासाच्या मालिकेला गौरवगीत मिळणे सोपे होते. या मंडळींनी शंका निवडली, आणि ती ५३ वेळा ऐकवली. (परीक्षेत ‘शीर्षकगीताचे महत्त्व’ आले तर एवढे पुरे.)

आता नटांकडे पाहा. ओम पुरी इथे अशोक आहेत, अल्लाउद्दीन खिलजी आहेत, औरंगजेबही आहेत, आणि त्याआधी रावण आणि दुर्योधनही होऊन गेलेले आहेत. काही मुलांना हे खटकते. मला तो मालिकेचा गुण वाटतो. चेहरा ओळखीचा असला की समोर चालले आहे ते कथन आहे, हे पाहणारा विसरत नाही. यामागे काटकसर होती की विचार, याने परिणामात फरक पडत नाही.

दुसरा निर्णय याहून धाडसी होता. जिथे काळाचे चित्र उभे करायचे तिथे या मंडळींनी अनेकदा जुन्या साहित्यकृतींचा आधार घेतला. चितोडच्या भागात जायसीचे ‘पद्मावत’ येते. अल्लाउद्दीनाने चितोड घेतले १३०३ मध्ये, जायसीने काव्य लिहिले १५४० च्या सुमारास. मध्ये सव्वादोनशेहून अधिक वर्षे गेली! काव्याचे नाव मालिकेने लपवले नाही, हे प्रामाणिक झाले. पण एकदा प्रसंग रंगला, वस्त्रे आणि संगीत आले, की काव्य आणि नोंद यांतली रेघ पुसट होते. निवेदकाचा आवाज दोन्हींसाठी तसाच ठाम राहतो. माझी मुख्य तक्रार हीच आहे. प्रयोगशाळेत तुम्ही मोजलेला आकडा आणि गृहीत धरलेला आकडा एकाच रकान्यात लिहिलात तर मी वही परत करतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी उत्तर दिले. पश्चात्तापाची गोष्ट सांगितली खुद्द अशोकाने, तेराव्या शिलालेखात. त्यात एक लाख माणसे मारली गेल्याचा आणि दीड लाख पकडून नेल्याचा उल्लेख आहे. गंमत अशी की धौली आणि जौगड इथे, म्हणजे प्रत्यक्ष कलिंगात, हा लेख कोरलेलाच नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्यासमोर राजा हे बोलला नाही. हे वाचल्यावर पश्चात्तापाचा प्रसंग तुम्हाला आधीसारखा सरळ वाटणार नाही.

आणि हे वाचले कोणी? जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली १८३७ मध्ये, कोलकात्यात. त्याआधी १८२० ते १८३० तो आमच्याच वाराणसीत टांकसाळीत होता आणि त्याने शहरासाठी भुयारी गटार बांधले. सारनाथचा सिंहस्तंभशीर्ष १९०५ मध्ये उत्खननात बाहेर काढणारा ओर्टेलही सार्वजनिक बांधकाम खात्यातला अभियंता होता. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या व्यवसायातली ही दोन माणसे.

असे असूनही मालिका मी दाखवतो, ती महात्मा फुल्यांच्या भागामुळे. नेहरूंच्या पुस्तकात फुल्यांसाठी प्रकरण नाही. राममोहन रॉय, विवेकानंद, सय्यद अहमद खान आहेत. मालिकेने मात्र फुल्यांना एक अख्खा भाग दिला, आणि सदाशिव अमरापूरकर तिथे फुले झाले. अमरापूरकर अहमदनगरचेच, ज्या गावच्या किल्ल्यात पुस्तक लिहिले गेले त्याच गावचे! मूळ पुस्तकाला हात न लावता त्यातली उणीव भरून काढणे हे नुसत्या रूपांतरकाराचे काम नाही. इथे ही मंडळी लेखक झाली. मात्र हा भाग आपण पुस्तकात भर म्हणून घालत आहोत, असे पडद्यावर म्हटले असते तर पाहणारा आणखी शहाणा झाला असता.

पुढच्या तासाला शिवाजी महाराजांचे भाग पाहायचे आहेत. महाराज झाले आहेत नसीरुद्दीन शाह. त्याआधी दोन गोष्टी करून या. फुल्यांनी १८६९ मध्ये लिहिलेला महाराजांचा पवाडा वाचा. आणि १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेले गागाभट्ट याच काशीचे, तेव्हा मालिकेत ते कसे येतात, किती वेळ येतात आणि त्यांच्याविषयी कोण बोलतो, हे वहीत दोन रकाने आखून टिपा : एकात पडद्यावर पाहिलेले, दुसऱ्यात त्याचा पुरावा. दुसरा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच घेऊन या.