शिक्षकाने काय वाचावे?

मुंबईच्या हमरस्त्याला लागून असलेल्या कुकटपल्लीत नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेली मराठी आणि कोंकणी कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. त्यांतील काहींनी एका देवळाच्या सभागृहात, रविवारी सकाळची आरती आटोपल्यावर, मुलांसाठी मराठीचा वर्ग चालविला आहे. आठवडाभर इंग्रजी शाळेत शिकविणाऱ्या एक बाई हा वर्ग विनामूल्य घेतात. परवा आम्ही सहज तेथे डोकावलो, तेव्हा त्यांच्या पुढ्यात कागदांचा ढीग होता. बालभारतीच्या पाठांच्या प्रती, संगणकावरून उतरवून घेतलेली रंगीत चित्रे, गाळलेल्या जागा भरण्याचे तक्ते, असे नाना प्रकार त्यात होते. साहित्याची ही समृद्धी पाहून आम्ही त्यांचे अभिनंदन केले. त्यावर त्या म्हणाल्या, "मुलांना द्यायला पुष्कळ आहे, वकीलसाहेब. पण मी स्वतः काय वाचू, हे कोणीच सांगत नाही."

हा प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. काव्य, नाटक, कादंबरी यांची परीक्षणे आपल्याकडे नेमाने होतात. परंतु शिक्षकांसाठी म्हणून जे लिहिले जाते तेही वाङ्मयच होय, आणि त्याचेही गुणदोष पारखले पाहिजेत, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते काम आम्ही येथे अल्पसे करू इच्छितो.

या वाङ्मयाची आज वाण नाही. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे संगणकीय व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. पाठ्यपुस्तकात छापलेल्या चौकोनी खुणेवर मोबाईल धरला की त्या पाठाची चित्रफीत समोर येते. २०१९ साली 'निष्ठा' हा प्रशिक्षणाचा उपक्रम निघाला. आठवीपर्यंतच्या वर्गांचे सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापक त्याने डोळ्यांपुढे ठेवले होते. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. आडगावच्या शिक्षकाला जे मिळते तेच राजधानीतील शिक्षकाला मिळावे, हा यातील हेतू स्तुत्य आहे. त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि या साहित्यापैकी जे आमच्या पाहण्यात आले, त्याच्या भाषेकडे पाहिले की मन खट्टू होते. त्यातील बहुतेक वाक्ये आज्ञार्थी वा विध्यर्थी असतात. गट पाडावेत, चित्र दाखवावे, प्रश्न विचारावेत, नोंद करावी. असे का करावे, आणि मुलाने अपेक्षेबाहेरचे उत्तर दिले तर काय करावे, याचा विचार क्वचितच आढळतो. शेवटी प्रश्नावली येते आणि तिच्यामागून प्रमाणपत्र. शिक्षक हा विचार करणारा वाचक आहे, हे गृहीतच त्यात नाही. कोणी तरी ठरविलेले मुलांपर्यंत बिनचूक पोहोचविणारा तो निरोप्या ठरतो. गंमत अशी की वरील धोरणाचे शब्द असे नाहीत. ते ५० तास शिक्षकाने स्वतःच्या आवडीनुसार वेचावेत, असा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याच्या धंद्यात आम्ही पाहतो की मूळ कलम उदार असते आणि त्याची अंमलबजावणी कंजूष निघते. येथेही तेच घडले आहे.

याच्या शेजारी आमच्या भाषेतील एक जुने उदाहरण ठेवून पाहावे. एकोणिसाव्या शतकात 'शालापत्रक' नावाचे मासिक शाळाखात्याच्या आश्रयाने निघत असे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ते चालविले. १८६८ पासून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री त्याचे काम पाहू लागले. त्याचा वाचक म्हणजे गावोगावचा पंतोजी. त्याच्यासाठी या तरुण संपादकाने काय लिहिले? कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु आणि दंडी या पाच संस्कृत कवींवरील प्रदीर्घ निबंध! पुढे 'संस्कृत कविपंचक' या नावाने ग्रंथरूपाने आलेले आणि मराठी टीकेच्या इतिहासात मानाचे स्थान पावलेले हे लेखन प्रथम शाळामास्तरांच्या मासिकात छापले गेले, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. मासिक १८७५ साली बंद पडले. परंतु तोवर एक वर्ष आधी सुरू झालेल्या 'निबंधमाले'ची लेखणी तेथेच घडली होती.

त्या निबंधांत दुसऱ्या दिवशीच्या तासाला उपयोगी पडेल असे काही नव्हते, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. पण ज्याला बाणाची वाक्यरचना कशी उलगडावी हे कळले, त्याला क्रमिक पुस्तकातील साधा धडाही निराळा दिसू लागतो. संपादकाने पंतोजीला आपल्या बरोबरीचा वाचक मानले, हे त्या लेखनाचे खरे महत्त्व होय.

हैदराबादेत राहणाऱ्यांना तरी हा विचार नवा वाटू नये. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले. त्याआधीच, १९१७ साली, उर्दूत ग्रंथ सिद्ध करण्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले होते. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा विद्वान त्याच्या मुळाशी होता. वर्ग भरण्यापूर्वी अध्यापकाच्या हाती ग्रंथ हवेत, हे त्यांनी ओळखले. ती तरतूद मराठी, तेलुगू वा कानडी यांच्या वाट्याला आली नाही, हे तिचे वैगुण्य. मराठी समाजाला आपली सोय स्वतःच करावी लागली. विद्यापीठाच्याही अकरा वर्षे आधी, १९०७ साली, या शहरात विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली, आणि तिच्या संस्थापकांत केशवराव कोरटकर हे आमच्याच पेशाचे गृहस्थ होते.

आता कोणी म्हणेल, रविवारचा वर्ग घेणाऱ्या बाईंना कालिदासावरील निबंध घेऊन काय करायचे? त्यांना सोमवारी शाळा आहे, घरी स्वयंपाक आहे. त्यांना तयार तक्ताच हवा. तयार तक्त्यांना आमचा विरोध नाही. आम्ही वकीलही दाव्याचे छापील मसुदे वापरतो. परंतु ज्याच्याजवळ केवळ मसुद्यांचे पुस्तक आहे, तो हकीगत जरा निराळी निघताच कोर्टात गप्प उभा राहतो. तेथे उपयोगी पडतात ते निवाडे, म्हणजे दुसऱ्याच्या प्रकरणात काय घडले आणि का घडले याची कारणांसह नोंद.

त्या दिवशी वर्गात असेच एक प्रकरण आमच्यासमोर घडले. घोड्याच्या चित्राखाली एका कोंकणी घरातील मुलीने 'घोडो' असे लिहिले. उत्तरपत्रिकेप्रमाणे ते चूक होते. बाईंनी लाल पेन उचलले, क्षणभर थांबल्या, आणि फळ्यावर 'घोडा' व 'घोडो' असे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिले. मग आंबा आणि आंबो. मुलांनी पाहता पाहता नियम ओळखला, आणि शाळेत तेलुगू शिकणाऱ्या एका मुलाने 'गुर्रम' हा तिसरा शब्द आपण होऊन जोडला. त्या मुलीची मान वर आली. पेन जर खाली आले असते, तर आपल्या घरची भाषा म्हणजे मराठीतील चूक, एवढेच ती शिकून गेली असती. बाईंना थांबविले ते त्यांच्या लहानपणच्या कानाने. त्यांच्या आजोळी कोंकणी बोलत. ज्या शिक्षकाला असे आजोळ लाभले नाही, त्याला हे वाचनातूनच मिळायला हवे. पण या प्रसंगाची नोंद कोणत्याही प्रशिक्षणात होणार नाही.

२००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला ४५ तास धरले आहेत, आणि तयारीचा वेळ त्यातच मोजला आहे. म्हणजे शिक्षकाची तयारी हे कायद्याच्या दृष्टीने काम आहे. रविवारच्या वर्गाला तो कायदा लागू नाही. पण त्यातील न्याय लागू करण्यास देवळाच्या मंडळींना कोणी अडविलेले नाही.

आमची सूचना लहानशी आहे. सभागृहात मुलांच्या पुस्तकांच्या शेजारी एक फळी शिक्षकांसाठी असावी. तिच्यावर मराठी व कोंकणीचे व्याकरण, दोन्ही भाषांतील चांगले निबंध, आणि ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांच्यासारख्यांनी मुलांविषयी लिहिलेले अनुभव असावेत. महिन्यातून एकदा शिक्षकांनी एकत्र बसून त्यांतील एखादा लेख वाचावा आणि एका मुलाची वही समोर ठेवून बोलावे. 'घोडो'सारखे प्रसंग चार पानांत लिहून ठेवावेत. उत्सवाच्या एका दिवसाच्या फुलांइतका खर्चही यास येणार नाही.

मुलांसाठी खाऊ आणि बक्षिसे यांची वर्गणी आपण हौसेने देतो. येत्या वर्षी त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एक पुस्तक त्यांच्यासाठीही द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.