निम्नशाखेतील नीलांची नावे : एका विशेषणाचा परामर्श

पायातील नीलांची मुख्य विभागणी प्रावरणीच्या आधारे केली जाते. मांडीच्या स्नायूंना आवळून धरणाऱ्या तंतुमय वेष्टनास ‘फॅसिया लाटा’, म्हणजे रुंद पट्टा, असे लॅटिन नाव आहे. या वेष्टनाच्या आतील नीला त्या खोल, बाहेरील त्या उत्तान आणि वेष्टन भेदून दोहोंना जोडणाऱ्या त्या भेदक. विभागणी इतकी स्वच्छ असता मांडीतील मुख्य खोल नीलेला इंग्रजी वैद्यकाने दीर्घकाळ ‘सुपरफिशियल फेमरल व्हेन’, म्हणजे उत्तान ऊरुनीला, म्हणावे, हे विलक्षणच होय.

या नावाची उपपत्ती शोधणे अवघड नाही. मांडीच्या मुख्य रोहिणीपासून ‘प्रोफुंडा’ ही खोल शाखा फुटल्यावर उरलेल्या भागास शल्यचिकित्सक ‘सुपरफिशियल’ म्हणू लागले आणि सोबतच्या नीलेलाही तेच विशेषण चिकटले. ‘प्रोफुंडाच्या मानाने वरची’ हा सापेक्ष अर्थ पुढे लोपला. ‘त्वचेलगतची’ हा निरपेक्ष अर्थ तेवढा उरला. उत्तान नीलेत रक्त गोठल्यास ते दुखणे बहुधा सौम्य मानले जाते. खोल नीलेतील गुठळी मात्र सुटून फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९५ साली बंडन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव प्राणघातक ठरू शकते, असे दाखवून दिले. त्यांनी विचारलेल्या सामान्य चिकित्सकांपैकी बहुतेकांनी या नीलेतील गुठळीवर रक्त गोठू न देणारे औषध दिले नसते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नामावलीने ते विशेषण गाळले, ते योग्यच झाले.

चुकीचे नाव नेहमीच घातक ठरते असे मात्र नाही. ‘सॅफिनस’ हा शब्द कोणी ‘स्पष्ट’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापासून काढतात, तर कोणी ‘गुप्त’ अशा अर्थाच्या अरबी शब्दापासून. अर्थ परस्परविरुद्ध, तरी रुग्णाचे त्यात काही बिघडत नाही. मराठीतील ‘नीला’ आणि ‘रोहिणी’ यांचेही तसेच. सुश्रुताच्या शारीरस्थानात नीला या पित्त वाहणाऱ्या सिरा असून रक्त वाहणाऱ्या सिरांना रोहिणी म्हटले आहे; आजचा अर्थ संकेताने आला आहे. अशा शब्दांची व्युत्पत्ती वाचकाला सहसा दिसत नाही, म्हणून ती त्याला फसवीतही नाही. ‘सुपरफिशियल’ हा शब्द उलट आरपार दिसतो आणि वाचणारा त्यावर विसंबतो. चरकाने वातरक्ताचे उत्तान आणि गंभीर असे भेद केले असल्याने मराठी परिभाषेला ‘उत्तान’ सोयीचा वाटणे स्वाभाविक आहे. (बोलीत त्या शब्दाने निराळीच वाट धरली आहे, ते सोडून देऊ.) पण जुन्या इंग्रजी ग्रंथावरून भाषांतर करणारा ‘उत्तान ऊरुनीला’ लिहील, तर इंग्रजीने टाकलेली चूक मराठीत नव्याने रुजेल.

२००२ च्या नामावलीतही एक अडचण राहिलीच. मोठी सॅफिनस नीला प्रावरणीच्या दोन पदरांमधील कप्प्यातून जाते. वरचा पातळ पदर तिला आधार देतो. तिच्या अनेक उपशाखा या कप्प्याबाहेर, केवळ चरबीत असतात आणि त्याच अधिक सहज फुगून नागमोडी होतात. नामावलीने हा कप्पा मान्य केला. वर्गवारीत मात्र कप्प्यातील नीला आणि बाहेरील उपशाखा यांना ‘सुपरफिशियल’ हे एकच विशेषण ठेवले.