नाकेबंदीत उपाशी कोण?

मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी 1936 साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील यादवी युद्धावरची ही कादंबरी बुलडाणा जिल्ह्यात, कापसाच्या मुलखात बसून वाचताना आम्हांस एक प्रश्न सतत पडत राहिला. नाकेबंदीत खरोखर उपाशी राहिले ते कोण?

एप्रिल 1861 मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. कापूस बाहेर जाईना. औषधे आणि कापड आत येईना. ही टंचाई लेखिकेने जिवंत केली आहे. नाकेबंदी चुकवून जहाजे आणणारा ऱ्हेट बटलर नायिकेसाठी पॅरिसची टोपी आणतो आणि टंचाईवर बक्कळ पैसा कमावतो. संकटात नफा कोणाचा होतो, हे लेखिकेने लपविलेले नाही. तेवढे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु तिची सहानुभूती मालकाच्या उंबरठ्याशीच थांबते. भुकेने व्याकूळ झालेली स्कार्लेट गुलामांच्या झोपड्यांमागच्या वाफ्यातला मुळा उपटून खाते. तो मुळा लावणाऱ्याच्या पोटाचे काय झाले, हे कादंबरी विचारीत नाही. 1863 साली रिचमंड शहरात गरीब स्त्रियांनी पावासाठी दुकाने फोडली. तशी स्त्री येथे नायिका होत नाही.

या नाकेबंदीची झळ आपल्या वऱ्हाडालाही लागली. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा इंग्रज व्यापारी आपल्याकडे वळले. भाव कित्येक पटींनी चढले. खामगावच्या बाजाराचे नाव झाले आणि 1870 साली जलंबहून तेथवर रेल्वेही आली. पण कापूस महागला तसे सूतही महागले आणि हातमागावर पोट असलेला विणकर, मग तो मोमीन असो की कोष्टी, अडचणीत आला. 1865 साली युद्ध संपताच कापसाचे भावही कोसळले.

मिचेलबाईंनी वऱ्हाडातला विणकर रंगवावा, अशी आमची अपेक्षा नाही. ते काम आपले होते आणि ते आपण केलेले नाही. आमच्या उर्दू शाळेत कापूस वेचणाऱ्या आयांची मुले बसतात. इतिहासात त्यांना लिंकन भेटतो, पण त्याच्या युद्धाशी आपल्या गावाचे नाते होते, हे त्यांना कोणी सांगत नाही. मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लेखकांनी त्या विणकराच्या घरातली थंड चूल एकदा तरी लिहावी. वाचायला आम्ही आहोत.