‘स्मृतिचित्रे’ आणि त्यागाचा हिशेब

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाची स्तुती होते ती बहुधा त्याच्या निरागस भाषेची आणि विनोदाची. ती यथार्थच आहे. परंतु १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र ख्रिस्ती आचारधर्माचा ग्रंथ म्हणून वाचण्याकडे आपल्या समीक्षकांचे लक्ष जावे तितके गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. विनोद वाङ्मयाकडे आणि धर्म प्रार्थनामंदिराकडे, अशी जणू वाटणीच होऊन बसली आहे.

परार्थ झिजण्याचा उपदेश मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला नवा नाही. गोव्यात राशोल येथे १६१६ साली छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त तो ओवीबद्ध आहे. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) विधवांविषयीची कळकळ अस्सल आहे, मात्र तेथील पात्रे पुष्कळदा लेखकाच्याच तोंडाने बोलतात. या दोन्ही ग्रंथांत प्रीती वरून खाली येते. ती कोणाच्या घरातून गेली, मागे काय उरले, याची विचारपूस तेथे नाही.

लूककृत शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्य जखमी वाटसरूला आपल्या जनावरावर बसवितो, उतारशाळेत नेतो आणि दोन दीनार तेथील यजमानाच्या हाती ठेवतो. पैसे त्याच्या पदरचे होते. त्याची बायको घरी काय म्हणाली, हे दृष्टान्त सांगत नाही; सांगण्याचे कारणही नाही. ‘स्मृतिचित्रां’त नेमके तेच ऐकू येते. नारायण वामन टिळक देणारे. येईल त्याला आपला म्हणणारे, हाती येईल ते देऊन मोकळे होणारे. पण दिलेले दान संसारातून वजा होई, आणि ती वजाबाकी सोसणारी व्यक्तीच येथे निवेदन करते. ती रागावते, भांडते, हसते. पतीला संतही करीत नाही आणि अपराधीही ठरवीत नाही. त्यागाचे खरे मोल आम्हांस मराठीत येथेच प्रथम कळले. देणाऱ्याने स्वतःच सांगितलेल्या त्यागात अहंकार कोठून तरी डोकावतोच.

सर्वांत मोठी वजाबाकी १८९५ ची. टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा वियोग आला. टिळकांची सत्यनिष्ठा आम्हांस वंद्य आहे. पण तिची किंमत दुसऱ्याच कोणी भरावी, हा प्रश्न ग्रंथ सोडीत नाही आणि सोडवीतही नाही. येथे त्यांच्या माहेरची आठवण होते. त्यांचे वडील सोवळ्यापायी मीठसाखरसुद्धा धुवायला लावीत! त्या घरची ही मुलगी पुढे मनाशी विचार करकरून जातिभेद माणसांनीच केला या निर्णयाला येते, आणि तोही १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेण्यापूर्वी. कोणी व्याख्यान देऊन तिला वळविले नाही. दुसऱ्याच्या हातचे पाणी घेणे ही गोष्ट दिसायला केवढीशी. परंतु त्या संस्कारात वाढलेल्या स्त्रीला प्रीतीचे याहून कठीण कृत्य कोणते होते, ते शिक्षकवर्गाने हे पान वर्गात वाचताना अवश्य विचारावे.

पुढे घर परक्या मुलांनी भरते. आता देणे केवळ टिळकांचे राहत नाही. दुखणी काढणे, जेवू घालणे, रागे भरणे हे सारे लक्ष्मीबाईंचे. बालकवी ठोमरे या घरात मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. माया धर्मांतराची अट घालीत नव्हती, ही गोष्ट मिशनविषयक वादात दोन्ही पक्ष सोयिस्करपणे विसरतात. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. पतिपत्नींचे एकमत झाल्यावर निवेदनातील ताण सैल पडतो. माणसे येतात, जातात. पूर्वीच्या भांडणांइतकी ती मनात ठसत नाहीत.

१९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी आपल्याकडे घेतले. पतीचे हे शेवटचे देणेही त्यांनीच फेडले म्हणा ना! त्या काव्यात भक्ती आहे, श्रम आहेत. परंतु पतीशी हिशेब मांडणारा तो आवाज तेथे नाही, आणि त्याच्यासाठी आम्ही ‘स्मृतिचित्रे’च पुन्हा उघडतो.