नायटा नव्हे, लाइम

जुलैच्या सुरुवातीला माझ्या गुडघ्यामागे एक चट्टा उठला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. सांगलीतून निदान आलं, "नायटा आहे गं. ओले कपडे अंगावर ठेवत जाऊ नकोस." मी तेव्हा अमेरिकेत, कनेक्टिकटमध्ये, पहिल्याच नोकरीच्या पहिल्या वर्षात होते. अर्जंट केअरमधल्या डॉक्टरांनी सात मिनिटांत सांगितलं की किडा चावलाय, आणि खाजेवरचं मलम दिलं. आठवड्याने चट्टा तळहाताएवढा झाला, मान आखडली, अंगात कणकण राहू लागली. इन्शुरन्सच्या यादीतल्या डॉक्टरांना फोन लावत बसले. नव्या पेशंटला पहिली तारीख सहा आठवड्यांनंतरची. चट्टा काही सहा आठवडे थांबणार नव्हता.

निदान केलं ते शेजारच्या सत्तरीतल्या बाईंनी, कुंपणापलीकडून, हात न लावता. "टिक," त्या म्हणाल्या. टिक म्हणजे आपली गोचीड. फक्त इथली पिल्लावस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावलेली कळतही नाही. त्यांनी गावातल्या एका छोट्या दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथल्या नर्स प्रॅक्टिशनरने मला खिडकीच्या उजेडात उभं केलं आणि विचारलं, घरामागे हरणं येतात का? उंच गवतात कधी गेला होतात? मग म्हणाली, पुस्तकातल्या फोटोंत गोऱ्या कातडीवर लालभडक वर्तुळं दिसतात, सावळ्या कातडीवर तोच चट्टा मुका मार लागल्यासारखा दिसतो, म्हणून चुकतो. रक्ततपासणीचा आग्रह तिने धरला नाही. सुरुवातीच्या दिवसांत अँटिबॉडी तयार झालेल्या नसतात, त्यामुळे आजार असूनही तपासणी बरेचदा निगेटिव्ह येते. चौदा दिवस डॉक्सीसायक्लिन. संपलं. ("लाइम? लिंबाचा काय संबंध?" – आई.)

लिंबाचा नाही, गावाचा संबंध आहे. लाइम हे कनेक्टिकटमधलंच एक गाव. बरी झाल्यावर मी या आजारावरची पुस्तकं वाचायला घेतली आणि हळूहळू चिडत गेले. ती चिडचिड नेमकी कशाची, ते शोधण्यासाठी हे लिहितेय.

रॉस डाउथट हे 'न्यूयॉर्क टाइम्स'चे स्तंभलेखक. त्यांचं 'द डीप प्लेसेस' २०२१ साली आलं. वॉशिंग्टनमधलं घर विकून ते कनेक्टिकटमधल्या जुन्या फार्महाउसमध्ये राहायला निघाले, आणि ते स्वप्न पुरं व्हायच्या आतच आजारी पडले. शहरातले डॉक्टर म्हणतात, ताण आहे. पुढे पुस्तकभर डॉक्टर बदलत जातात, औषधांचे डोस चढत जातात, शेवटी लेखक 'राइफ मशीन' नावाच्या, वैद्यकशास्त्राने कधीच न मानलेल्या यंत्रापर्यंत पोचतो. आपण वाचकाला कसे दिसत असू याची डाउथटना पूर्ण जाणीव आहे, आणि तरी ते लपवत नाहीत. पुस्तकाचा सगळ्यात चांगला गुण हाच. पण त्या गावचं माणूस त्यात मला फारसं भेटलं नाही. घर आहे, जंगल आहे, देव आहे. कुंपणापलीकडच्या बाई नाहीत.

पोरोचिस्ता खाकपूरच्या 'सिक'मध्ये (२०१८) जागा भरपूर आहेत. प्रकरणांना शहरांचीच नावं आहेत. तेहरानमध्ये जन्मलेली ही लेखिका अमेरिकेत शहरामागून शहर बदलते आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने पेशंट होते. निदान होईपर्यंत एक लाख डॉलरहून जास्त खर्च. तिच्या विस्कळीतपणावर टीका होऊ शकते, मला मात्र तो पटला. परक्या देशात कातडी आणि आडनाव घेऊन दवाखान्यात शिरलं की तुमची तक्रार कशी ऐकली जाते, हे या पुस्तकांत तिलाच सगळ्यात नीट कळलंय. मेगन ओरूर्क या कवयित्रीचं 'द इनव्हिजिबल किंगडम' (२०२२) जास्त शहाणं आहे, जास्त अभ्यासलेलं आहे, आणि लाइमपुरतं ते मर्यादितही नाही.

या तिघांचा गाभा एकच आहे. त्यांना आजाराची आत्मकथनं म्हणतात, पण कथानक शोधाचं आहे: नाव शोधायचं, आणि विश्वास ठेवणारा डॉक्टर शोधायचा. आधीचे डॉक्टर खलनायक नसले तरी आंधळे असतात. मग कोणीतरी भेटतो, बहुतेकदा दूरच्या शहरात, बहुतेकदा रोख पैसे घेणारा, आणि तो म्हणतो, तुम्ही म्हणताय ते खरं आहे. वाचकाच्या डोळ्यात पाणी येतं. माझ्याही आलं. पण इथेच विश्वास आणि उपचार यांची गल्लत होते. २००१ साली अमेरिकेत आणि २०१६ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचण्या पाहा. उपचारानंतरही त्रास राहिलेल्या पेशंटना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक दिलं आणि तुलनेसाठी इतरांना नकली औषध. दुखण्यात किंवा रोजच्या जगण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. त्रास खोटा होता असा याचा अर्थ नाही. तो खरा आहे, आणि त्यावर पक्कं औषध सापडलेलं नाही. एवढं वाक्य छापायला ही पुस्तकं फार कचरतात.

माझी चिडचिड हीच. चौदा दिवसांत बऱ्या झालेल्या माणसाची गोष्ट कोणी लिहीत नाही. साहजिक आहे, त्यात नाट्य कुठाय? पण मग वाचकाला वाटायला लागतं की लाइमचा दवाखाना म्हणजे अपमान आणि त्यानंतर यात्रा. पहिल्या काही आठवड्यांत ओळखलं तर हा आजार बहुतेकांत साध्या गोळ्यांनी जातो, आणि ओळखायला दूरचा तज्ज्ञ नाही, त्या गावचं गवत आणि त्या गवताचा महिना माहीत असणारं माणूस लागतं. मला ते मिळालं ते शेजारणीच्या कृपेने, माझ्या हुशारीने नाही. ज्याला शेजारीण नाही, त्याचं काय?

म्हणूनच मला या सगळ्यांपेक्षा जुनं, जरा रुक्ष पुस्तक आवडलं: पॉली मरेंचं 'द वायडनिंग सर्कल' (१९९६). मरेबाई लाइम गावातच राहायच्या. चार मुलं, नवरा, आणि घरात सतत कोणाचा तरी गुडघा सुजलेला. वर्षानुवर्षं डॉक्टर त्यांना सुचवत राहिले की हे तुमच्या मनाचं आहे. त्यांनी काय केलं, तर वही ठेवली. कोणाला काय झालं, कधी झालं, अंगावर चट्टा होता का. मग आजूबाजूच्या घरांतली आजारी माणसं नोंदवली. १९७५ साली त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. शेजारच्या ओल्ड लाइम गावातल्या ज्युडिथ मेन्श या आणखी एका आईनेही तेच केलं. येल विद्यापीठातला अ‍ॅलन स्टीअर नावाचा तरुण डॉक्टर तपासाला लागला, आणि मरेबाईंनी त्याच्यापुढे यादी ठेवली.

स्टीअर आणि सहकाऱ्यांचा निबंध १९७७ साली आला. ५१ पेशंट, त्यातली ३९ मुलं. निम्मे पेशंट चार ग्रामीण रस्त्यांवर राहणारे, आणि त्या रस्त्यांवरच्या दर दहा मुलांमागे एक आजारी. हे आकडे वाचताना मला एकदम जाणवलं की ही भाषा मरेबाईंच्या वहीची आहे: रस्ता, घर, मूल, महिना. १९८१ साली विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या पोटात तो जंतू सापडला, जंतूला त्यांचं नाव मिळालं. आजाराला गावाचं. मरेबाईंचं नाव कशालाच नाही.

त्यांचं गद्य सपाट आहे, हे मान्य. पानंच्या पानं लक्षणांच्या तारखा. संपादकाने कात्री लावायला हवी होती असं सुरुवातीला वाटलं. शंभरेक पानांनंतर मत बदललं. नव्या आत्मकथनांत 'मी' जितका खोल जातो तितके शेजारी पुसट होतात. इथे 'मी' आडवा पसरत जातो, घराबाहेर, रस्त्यावर, पुढच्या गावात. शीर्षकातलं रुंदावणारं वर्तुळ म्हणजे चट्टाही आणि यादीही, पण बाई या श्लेषाचा गाजावाजा करत नाहीत.

मराठीत असं पुस्तक मी शोधलं, मिळालं नाही. गोचिडीतूनच येणारा माकडताप २०१६ पासून सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या काजूबागांत माणसं आजारी पाडतोय. तिथेही कोणत्या तरी घरात कोणी तरी वहीत तारखा लिहिल्या असतील.

माझ्या फोनमध्ये गुडघ्यामागचा तो फोटो अजून आहे. गेल्या महिन्यात पुण्याची एक मैत्रीण नोकरीसाठी तिकडेच, त्याच गावात राहायला गेली, तेव्हा तिला पाठवला. तिचं उत्तर आलं, "हा तर नायटा वाटतोय." मी तिला दवाखान्याचा नंबर पाठवला, आणि कुंपणापलीकडच्या बाईंचाही.